मतदानाचे आवाहन करणारी स्वतःची चित्रे सोसायटीत आणि तलावपाळीवर लावताना काय सांभाळावे?

प्रश्न : जलरंगी (घोडबंदर रोड, ठाणे)

सर्वांना नमस्कार. मी व्यवसायाने चित्रकार नाही. नोकरी सांभाळून जलरंग आणि लिनोकट (लिनोलियमवर कोरून कागदावर घेतलेले ठसे) करते, आणि माझे विषय बहुतेक ठाण्यातलेच असतात: तलाव, जांभळी नाक्याचा बाजार, नौपाड्यातल्या जुन्या घरांचे लाकडी जिने, स्थानकाबाहेर गजरे विकणाऱ्या बायका. महापालिका निवडणुकीत लोकांनी मतदानाला घराबाहेर पडावे, एवढ्याच हेतूने यांपैकी काही चित्रे वापरावीत असे बरेच दिवस मनात घोळत आहे. माझा कोणत्याही पक्षाशी संबंध नाही, छपाईचा खर्चही मीच करणार आहे, आणि कोणाला मत द्यावे याचा चित्रांवर उल्लेख असणार नाही.

हा विचार पक्का झाला तो २०२४च्या लोकसभा निवडणुकीनंतर. २० मे रोजी, सोमवारी, ठाणे मतदारसंघात सुमारे ५२ टक्के मतदान झाले, म्हणजे यादीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांनी बटण दाबलेच नाही. आमच्या संकुलात शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आल्याचा आनंदच अधिक दिसला. लोणावळा, अलिबाग आणि गावाकडच्या वाटेने गाड्या निघाल्या, आणि मंगळवारी सकाळी त्याच मंडळींची लिफ्टमधली घोडबंदरच्या कोंडीवरची चर्चा पुन्हा रंगली. नुसते चिडण्यापेक्षा हाताशी जे आहे ते वापरून पाहावे, असे वाटले.

माझ्या डोक्यात सध्या तीन चित्रे आहेत. पहिल्यात १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला आलेल्या पहिल्या आगगाडीचे वाफेचे इंजिन आहे आणि खाली 'ठाणेकर, पुन्हा एकदा पहिले या' अशी ओळ आहे. दुसऱ्यात मासुंदा तलाव, त्यात फुललेली कमळे आणि काठाने मतदानासाठी लागलेली रांग. तिसरे लिनोकट आहे: शाई लावलेले बोट, काळ्या-पांढऱ्यात, भरपूर मोठे. ही चित्रे आमच्या इमारतींच्या प्रवेशदालनांत आणि लिफ्टमध्ये लावायची, तलावपाळीवर, म्हणजे मासुंदाच्या काठी, संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांना पोस्टकार्डाच्या आकारात वाटायची, आणि जमल्यास सेवारस्त्यालगतच्या एका भिंतीवर त्यांतले एक मोठे करून रंगवायचे. शिवाय मतदान करून येऊन बोटावरची शाई दाखवणाऱ्या प्रत्येकाला लिनोकटचा एक ठसा भेट द्यावा, अशीही कल्पना आहे.

यात परवानगी कोठे लागते, आचारसंहितेच्या काळात हे चालते का, आणि मुळात अशा चित्रांनी एखादा माणूस तरी मतदानाला जातो का, याविषयी जाणकारांनी लिहावे. कौतुकापेक्षा उणिवा दाखवल्यात तर उपयोग होईल. एक काळजी आणखी आहे. मागे मी संकुलाच्या गणेशोत्सवासाठी काढलेले चित्र एका इच्छुक उमेदवाराच्या शुभेच्छाफलकावर, त्यांच्या छायाचित्रासह, मला न विचारता झळकले होते. या वेळी तसे झाले तर सगळा हेतूच बुडेल.

उत्तर : कोपरीचे मास्तर

ताई, शिक्षकाच्या नोकरीत निवडणुकीचे काम चुकत नाही. मतदान अधिकारी आणि पुढे केंद्राध्यक्ष म्हणून अनेक निवडणुका केल्या, त्यावरून लिहितो.

आधी भेटीच्या ठशाविषयी, कारण आपल्या योजनेतला सर्वांत लोभस आणि सर्वांत धोक्याचा भाग तोच आहे. लाच म्हणजे अमुक उमेदवाराला मत द्यावे म्हणून दिलेले पैसे, एवढाच अर्थ आपण धरून चालतो. कायद्याचे शब्द त्याहून बरेच व्यापक आहेत. पूर्वी भारतीय दंड संहितेत आणि १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम १७० मध्ये असे म्हटले आहे की, एखाद्याने निवडणूकविषयक हक्क बजावावा म्हणून, किंवा तो बजावल्याबद्दल बक्षीस म्हणून, त्याला काही लाभ देणे ही लाच होय. आणि मत देणे किंवा न देणे ही दोन्ही त्या हक्काचीच अंगे आहेत. उमेदवार कोण, हा प्रश्न तेथे येतच नाही. मतदानाच्या दिवशी 'शाई दाखवा, मिसळीवर सवलत मिळवा' असे फलक सर्रास लागतात, त्यांवर कारवाई झाल्याचे मी पाहिलेले नाही, उलट कधी कधी सरकारी पातळीवरून त्यांचे कौतुकही होते, हे सगळे खरे. तरीही आपल्या जागी मी असतो तर ठसा मतदानाशी जोडला नसता. द्यायचा तर आधीच, सगळ्यांना, कोणाचे बोट न पाहता द्यावा.

दुसरी गोष्ट जागेची. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ याच्या कलम १३० प्रमाणे मतदानाच्या दिवशी केंद्रापासून १०० मीटरच्या आत मते मागण्यास मनाई आहे, हे सर्वांना ठाऊक असते. त्याच कलमात पुढे, शासकीय सूचना वगळता निवडणुकीशी संबंधित कोणतीही सूचना किंवा खूण त्या हद्दीत लावण्यासही मनाई केली आहे, आणि ती सार्वजनिक जागेइतकीच खाजगी जागेलाही लागू आहे, याकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. दंड २५० रुपयांपर्यंतच आहे, पण गुन्हा दखलपात्र आहे. हे कलम लोकसभा-विधानसभेचे असले, तरी महापालिकेच्या निवडणुकीतही १०० मीटरची रेषा आखली जातेच. आता तुमच्याकडचा पेच पाहा. २०२४च्या विधानसभा निवडणुकीत मोठ्या गृहसंकुलांच्या आवारातही मतदान केंद्रे देण्यात आली होती. तुमच्या क्लबहाउसमध्ये केंद्र आले, तर प्रवेशदालनातले आणि लिफ्टमधले प्रत्येक चित्र त्या दिवशी रेषेच्या आत पडेल, मग ते कितीही निःपक्षपाती असो. आदल्या संध्याकाळी ती उतरवणार कोण, हे आत्ताच ठरवून ठेवा. एका शाळेतल्या केंद्रावर मुलांनीच रंगवलेली मतदानाची घोषवाक्ये आम्हांला पहाटे जुन्या वर्तमानपत्रांनी झाकावी लागली होती. त्यांतल्या एका चित्रात भिंतीवरचे घड्याळ होते, आणि त्यावर एका मतदान प्रतिनिधीने मतदान सुरू होण्याआधीच हरकत घेतली होती.

भिंतीचा नाद सोडावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा महाराष्ट्राचा १९९५चा कायदा लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागेवर परवानगीवाचून लिहिण्या-रंगवण्याला लागू होतो, आणि आचारसंहिता लागली की पालिकेची पथके आधी चुना फासतात, मजकूर नंतर वाचतात. तलावपाळीवर हातातून हातात पोस्टकार्ड देण्याला माझ्या माहितीप्रमाणे अडचण नाही. टेबल मांडायचे किंवा कठड्याला काही बांधायचे, तर पालिकेची परवानगी हवी. कार्डाच्या मागे आपले आणि छापखान्याचे नाव-पत्ता द्यावा. कलम १२७-क प्रमाणे ते बंधन उमेदवाराच्या फायद्या-तोट्यासाठी काढलेल्या पत्रकांना आहे, आपल्या कार्डाला नाही, पण नाव दिसले की विचारणाऱ्याचे निम्मे प्रश्न तेथेच संपतात. राजमुद्रा किंवा आयोगाचे बोधचिन्ह मात्र टाकू नये, ते शासकीय असल्याचा भास होतो.

एक मार्ग आणखी आहे. निवडणूक आयोगाचा मतदार जागृतीचा 'स्वीप' नावाचा कार्यक्रम असतो आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडून तो चालतो. चित्र तेथे दाखवून त्यांच्यामार्फत लावून घेतले, तर वर सांगितलेल्या पुष्कळ अडचणी दूर होतात. बदल्यात चित्राच्या चारही कोपऱ्यांत मजकूर येतो, हे गृहीत धरा.

उत्तर : फिकट निळा (नेरूळ)

मास्तरांनी घड्याळाचा उल्लेख केलाच आहे, म्हणून तेथूनच पुढे लिहिते. मी चित्रकला शिकवते. आपल्या पहिल्या दोन चित्रांच्या कल्पना वाचून हसू आले, कारण ठाण्याचे म्हणून जे जे आपण हौसेने निवडले, ते नेमके पक्षांच्या चिन्हांत आहे. रेल्वे इंजिन महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे, कमळ भारतीय जनता पक्षाचे. बोटाऐवजी उघडा पंजा काढला असता तर काँग्रेस, मतदानाची वेळ सांगायला घड्याळ काढले असते तर राष्ट्रवादी. 'आधी मतदान, मग चहा' म्हणून कपबशी काढावी, तर स्थानिक निवडणुकांत ती कोणा ना कोणा अपक्षाच्या वाट्याला आलेली असते.

हा योगायोग नाही. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते, म्हणून घरात, शेतात आणि रस्त्यावर रोज दिसणाऱ्या वस्तू चिन्हे म्हणून घेतल्या गेल्या. त्याचा परिणाम असा की, चित्रकाराला सहज सुचणारी प्रत्येक ओळखीची वस्तू आज कोणाची तरी आहे किंवा होऊ शकते. अपक्षांची चिन्हे तर अर्ज मागे घेण्याची मुदत संपल्यावर वाटली जातात, तेव्हा महिनाभर आधी छापलेल्या चित्रातली निरुपद्रवी शिट्टी किंवा कंगवा आपल्या प्रभागात ऐन वेळी उमेदवाराची खूण ठरू शकते. म्हणून सुट्या, ठळक वस्तू टाळाव्यात आणि माणसे, इमारती, जागा काढाव्यात. पक्षीही चालतील, कारण नवी चिन्हे ठरवताना आयोग पशुपक्षी घेत नाही. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ साली रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळालेला आहे, आणि खाडी ठाणे व नवी मुंबई या तुमच्या-आमच्या दोन्ही शहरांची आहे. खाडीच्या चिखलात एकामागे एक उभी असलेली फ्लेमिंगोंची ओळ ही मतदानाच्या रांगेसारखी दिसतेच, आणि ती कोणाच्याही झेंड्यावर नाही. मासुंदा तलाव ठेवायचा तर कमळे काढून टाका. भगवा, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग साऱ्या कागदावर पसरू देऊ नका.

आता बोटाविषयी. मतदानाच्या भित्तिपत्रकांत हे बोट चुकीचे काढण्याची जणू परंपराच आहे. शाई डाव्या हाताच्या तर्जनीला लावतात. २००६पासून ती ठिपक्यासारखी न लावता नखाच्या वरच्या टोकापासून खाली पहिल्या पेरापर्यंत रेघेसारखी लावली जाते. हाताची मागची बाजू आणि वर केलेली बोटे काढत असाल, तर डाव्या हाताचा अंगठा पाहणाऱ्याच्या उजवीकडे येतो. आणि आपण तर लिनोकट करणार आहात: ठसा उमटताना प्रतिमा उलटी होते, म्हणून लिनोवर समोर डावा हात ठेवून जसाच्या तसा कोरला तर कागदावर उजवा हात येईल. अक्षरे उलटी कोरायची हे सगळ्यांच्या लक्षात राहते, हाताचे राहत नाही. जलरंगात काढणार असाल तर रंगही पाहण्यासारखा आहे. शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. लावताक्षणी ती जांभळट दिसते आणि उजेड लागला की काळपट तपकिरी होत जाते, नखावर अधिक गडद, कातडीवर जरा फिकी. लोकसभा-विधानसभेसाठी ती १९६२पासून म्हैसूरच्या एकाच सरकारी कारखान्यातून येते, ही माहिती कार्डाच्या मागे छापली तर लोक कार्ड टाकून देणार नाहीत.

निःपक्षपातीपणाचा आणखी एक कंगोरा आहे. अमेरिकन चित्रकार बेन शान यांचे १९४४चे एक भित्तिपत्रक प्रसिद्ध आहे. डोळ्यांवर गॉगल चढवलेले दोन वेल्डर, एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय, आणि खाली युद्धानंतर सर्वांना रोजगार मिळावा म्हणून नाव नोंदवा, मत द्या, असे आवाहन. त्यात कोणा उमेदवाराचे नाव नाही. पण ते काढून घेतले होते सीआयओ या कामगार महासंघाच्या राजकीय कृती समितीने, आणि ती समिती अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या बाजूने उघडपणे उभी होती. चित्र उत्तम आहेच, पण ते कोणाच्या हातून येते यावर लोक त्याचा अर्थ लावतात. तेव्हा छपाईला मदत करतो म्हणून कोणी 'समाजसेवक' पुढे आले, तर नम्रपणे नाही म्हणा.

चित्रचोरीवर पक्का इलाज नाही. सही कोपऱ्यात न करता चित्राच्या पोटात करावी, समाजमाध्यमांवर मोठी प्रत टाकू नये, आणि 'कोणत्याही पक्षाच्या किंवा उमेदवाराच्या प्रचारासाठी वापरू नये' ही ओळ चित्रावरच असावी. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ चित्रकाराला, त्याच्या प्रतिष्ठेला बाधा येईल असा फेरफार कोणी केल्यास दाद मागण्याचा हक्क देते. न्यायालयात जाण्याची वेळ बहुधा येत नाही, त्या कलमाचा आकडा घातलेले सभ्य पत्र पुष्कळदा पुरते.

उत्तर : ऐरोलीकर

थोडा विरोधी सूर लावतो, राग नसावा. 'मतदान करा' हे कोणाला माहीत नाही? न जाणाऱ्या माणसाला ते सुंदर रंगांत सांगितले म्हणून तो जाईल, असे समजण्यास फारसा आधार नाही. अमेरिकेत मिशिगन राज्यात २००६ साली गर्बर, ग्रीन आणि लॅरिमर या अभ्यासकांनी मोठा प्रयोग केला होता. ज्यांना काहीच पाठवले नाही त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झाले. 'हे नागरिक म्हणून आपले कर्तव्य आहे' असे पत्र ज्यांना गेले त्यांच्यात ३१.५ टक्के. मात्र ज्यांच्या पत्रात त्यांचे आणि शेजाऱ्यांचे पूर्वीचे मतदान छापले होते आणि निवडणुकीनंतर पुन्हा असेच पत्र येईल असे बजावले होते, त्यांच्यात ते ३७.८ टक्क्यांवर गेले. शेजाऱ्यांची जाहीर हजेरी घेण्याचा तो प्रकार आपल्याकडे कोणी करू नये, भांडणे होतील. पण कर्तव्याची आठवण किती दुबळी असते आणि शेजाऱ्याची नजर किती प्रबळ असते, हे त्यातून दिसते.

म्हणून फ्लेमिंगोंपेक्षा आपल्या इमारतीतली माणसे काढा. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी, रोज सकाळी बॅडमिंटन खेळणारे दोघे, नुकतीच अठराची झालेली मुलगी. त्यांची परवानगी घेऊन साधी रेखाचित्रे काढा आणि प्रत्येकाखाली तो किती वाजता, कोणाबरोबर मतदानाला जाणार आहे, हे त्याच्या शब्दांत लिहा. 'मी साडेसातला, दूध घेऊन आल्यावर, सूनबाईंबरोबर.' हे चित्र लिफ्टमध्ये पाहणारा माणूस मनातल्या मनात स्वतःची वेळ ठरवतो. विकत आणलेल्या भित्तिपत्रकाला हे जमणार नाही, ते तुम्हीच करू शकता.

आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. घोडबंदर रोड काय किंवा आमच्याकडचे नवे टॉवर काय, निम्मी वस्ती दुसरीकडून आलेली आहे. कोणाचे नाव अजून मुलुंडला, कोणाचे दादरला, कोणाचे सातारा-सांगलीकडच्या गावी. सुट्टीवर गेलेला दिसतो त्याचे नाव मुळात इथल्या यादीत नसते. त्यांना मतदानाच्या आठवड्यात लावलेले चित्र काय कामाचे? पत्ता बदलण्यासाठी नमुना ८, प्रथमच नाव घालण्यासाठी नमुना ६, आणि तेही वेळेत. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांची अंतिम तारीख उलटली की यादीत नाव घालता येत नाही. महापालिकेसाठी तर राज्य निवडणूक आयोग एका ठरावीक तारखेची विधानसभेची यादीच घेतो, त्यानंतर केलेल्या अर्जाचा त्या निवडणुकीत उपयोग नाही. वर्षातून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता दिनांकांना अठरा पूर्ण करणाऱ्यांना नोंदणी करता येते, हे तर बारावीच्या मुलांच्या पालकांनाही माहीत नसते. आपले पहिले चित्र 'यादीत नाव पाहिलेत का?' एवढेच विचारणारे असावे आणि ते निवडणूक दूर असतानाच लागावे.

जलरंगी

सर्वांचे मनापासून आभार. इंजिन आणि कमळे रद्द. भिंतही रद्द, आणि शाईच्या बदल्यात ठसा देण्याची कल्पना तर वाचतानाच मागे घेतली. ऐरोलीकर, शेजाऱ्यांच्या रेखाचित्रांची सूचना फार आवडली. काल संध्याकाळी बागेत दोघींना विचारले, तर एक लगेच तयार झाल्या आणि दुसऱ्या 'आमच्या ह्यांना विचारून सांगते' म्हणाल्या. आता प्रश्न सोसायटीचा उरतो. आमच्या समितीतल्या एका सदस्याचे म्हणणे असे की, निवडणुकीचा कोणताही कागद आवारात नकोच, एकाला हो म्हटले की सगळे पक्ष येतील.

उत्तर : सचिव (सानपाडा)

त्या सदस्यांची भीती अनाठायी नाही. दर निवडणुकीला आमच्या प्रवेशद्वारावर ही वेळ येते. त्यावर आमच्या समितीने लेखी ठराव केला: निवडणूक यंत्रणेकडून आलेली माहिती आणि समितीने आधी पाहिलेला, पक्ष-उमेदवाराचा संबंध नसलेला मजकूर एवढाच सूचना फलकावर लागेल, तो लावण्याची व काढण्याची तारीख सचिवाच्या सहीने त्यावर असेल, बाकी काही नाही. ठराव झाल्यापासून पत्रके घेऊन येणाऱ्या कार्यकर्त्यांना नाही म्हणणे सोपे झाले. आपणही चित्रे तोंडी परवानगीवर लावू नका, समितीला अर्ज करा.

रेखाचित्रांची कल्पना चांगली आहे, पण माणसे निवडताना जरा चौकशी करा. आजींचे भाचे प्रभागातून इच्छुक असले, तर आजींचे चित्र कोणाच्याच दृष्टीने निःपक्षपाती राहणार नाही. सुरक्षारक्षकाचे चित्र काढण्याचा मोह प्रत्येकाला होतो. त्याचे नाव बहुतेक वेळा बिहारमध्ये किंवा मराठवाड्यातल्या गावी असते, तेव्हा त्याच्या तोंडी 'मी सकाळी जाणार' घालणे खोटे होईल.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. मुंबई वगळता महापालिकांची निवडणूक आता बहुसदस्यीय प्रभाग पद्धतीने होते. ठाण्याने २०१७ साली ती अनुभवली आहे; नवी मुंबईत २०१५ची निवडणूक एकसदस्यीय प्रभागांची होती, त्यामुळे आमच्याकडच्या मतदाराला एकच बटण दाबण्याची सवय. चार जागांच्या प्रभागात प्रत्येक मतदाराने चार मते द्यायची असतात, प्रत्येक जागेसाठी एक. एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल, तर त्या जागेचे 'वरीलपैकी कोणीही नाही' हे बटण दाबायचे, तेव्हाच मतदान पूर्ण होते. जागांनुसार मतपत्रिकांचे रंगही वेगवेगळे असतात. एक बटण दाबून मागे वळणारे आणि मतदान अधिकाऱ्याने हाक मारल्यावर गोंधळणारे ज्येष्ठ नागरिक हे नेहमीचे दृश्य आहे. हे शब्दांत समजावताना आमची दमछाक होते. चार रंगांच्या चार पट्ट्या आणि प्रत्येकीवर टेकलेले एकेक बोट, असे चित्र तुम्ही काढलेत तर ते मी माझ्या फलकावर आनंदाने लावेन. फक्त पट्ट्यांवर काल्पनिक उमेदवारांची नावे-चिन्हे घालू नका, जागा कोऱ्या ठेवा, आणि रंग त्या निवडणुकीत जाहीर होतील तेच वापरा.

उत्तर : कळवेकर

इतके सगळे गाळून शेवटी उरले काय? चित्रकाराने कोंडी, खड्डे, पाणीटंचाई, खाडीतला भराव रंगवावा. त्या रागानेच माणसे केंद्रावर जातील. नागरिकाला मत असणे हा गुन्हा नव्हे.

उत्तर : कोपरीचे मास्तर

गुन्हा नव्हेच, अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य चित्रकारालाही आहे. पण तो वेगळा उपक्रम होईल. खड्ड्याचे चित्र सत्तेवर असलेल्यांच्या विरोधात वाचले जाणार, आणि ते एखाद्या उमेदवाराला निवडून आणण्यासाठी काढले असे ठरले, तर त्याच्या लेखी अधिकारपत्राशिवाय छपाईवर खर्च करणे हा न्याय संहितेच्या कलम १७६ प्रमाणे अपराध आहे. ताईंनी दोन्हींतले एक निवडावे, एकाच कार्डाच्या दोन बाजूंवर दोन्ही नकोत. माझ्या मते चार मतांचे चित्र काढणारे कोणी नाही, खड्ड्यांची छायाचित्रे टाकणारे पुष्कळ आहेत.

जलरंगी

मास्तरांशी सहमत आहे. खड्डे निवडणुकीनंतर काढीन. सध्या असे ठरवले आहे: यादीत नाव पाहण्याविषयीचे चित्र लगेच, त्यात खाडीकाठच्या फ्लेमिंगोंच्या ओळीत एक जागा रिकामी, मतदानाची तारीख जाहीर झाल्यावर शेजाऱ्यांची रेखाचित्रे, आणि शेवटच्या आठवड्यात चार मतांचे चित्र, त्याच्या खाली ओळखपत्राची आठवण, कारण नुसती मतदार चिठ्ठी ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही हे केंद्रावर गेल्यावर कळणारे बरेच आहेत. समितीला अर्ज दिला आहे. फिकट निळा, एक शेवटचे विचारते: लिफ्टमध्ये ही चित्रे लॅमिनेट करून लावू का? ठसे हातकागदावर घ्यायचा विचार होता.

उत्तर : फिकट निळा (नेरूळ)

लॅमिनेशन नको, लिफ्टचा दिवा त्यावर चमकतो आणि नेमका मजकूरच दिसत नाही. हातकागदावरचे ठसे वाटण्यासाठी ठेवा. लिफ्टसाठी त्यांच्याच प्रती मॅट कागदावर ए-फोर आकारात काढा, त्याहून मोठे चित्र तितक्या जवळून वाचता येत नाही. आरशासमोरची बाजू टाळा आणि दाराच्या शेजारी, बटणांच्या वर, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावा. चिकटपट्टी कागदाची घ्या, नाहीतर आदल्या संध्याकाळी काढताना लिफ्टचा रंगही निघून येईल आणि समिती पुढच्या वेळी परवानगी देणार नाही.